सुमनताईंची दुसरी फेरी

आमच्या इमारतीत एखाद्या दाराच्या चौकटीवर, बेलच्या जरा खाली, खडूने केलेली बरोबरची खूण दिसली, तर समजावं की या घरातले सगळे ब्राउझर अपडेट झालेले आहेत. फुली दिसली तर समजावं की दाराला कुलूप होतं, किंवा लॅपटॉप ऑफिसला गेला होता, किंवा घरच्यांनी सुमनताईंना 'नंतर या' म्हणून सांगितलं होतं. हे शेवटचं कुणी सांगू नये. सुमनताई नंतर येतात.

चौथ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या जोडप्याला हे ठाऊक नव्हतं. सकाळी दार उघडलं तर चौकटीवर फुली. चोर घरं हेरून अशा खुणा करून जातात, असं त्यांनी मोबाइलवर कुठेतरी वाचलेलं. त्यांनी पोलीस चौकीला फोन केला. हवालदार आले. त्यांनी फुली पाहिली, मग पॅसेजमधली बाकीची दारं पाहिली.

"ह्यांच्याकडं बरोबर, तुमच्याकडं चूक," ते म्हणाले. "चोर आहे का मास्तर?"

तेवढ्यात जिन्यावरून सुमनताई आल्या. खांद्याला पट्ट्याची निळी पेटी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, नाकावरून घसरलेला चष्मा. घाबरलेल्या जोडप्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्या हवालदारांनाच निरखत राहिल्या.

"तू टाकीजवळच्या शांताचा ना?"

"हो. आपण?"

"पोलिओचा डोस थुंकला होतास. नाक धरून पाजावा लागला." हवालदारांनी टोपी काढून काखेत धरली. "मोबाइल बघू. अपडेट का नाही केलास?"

"ड्युटी असते, ताई."

"चोरांना सुट्टी असते का?"

तक्रार लिहायची राहून गेली. हवालदार परत गेले तेव्हा त्यांच्या मोबाइलच्या पाठीवर, डाव्या कोपऱ्यात, जांभळ्या शाईचा ठिपका होता.

सुमनताई पालिकेच्या दवाखान्यात परिचारिका होत्या. येरवड्यातल्या आमच्या जुन्या वस्तीत पोलिओच्या प्रत्येक फेरीला त्या आणि त्यांच्या जोडीदारीण हिराताई दारोदार यायच्या. सुमनताई थेंब पाजायच्या. हिराताई करंगळीला शाई लावून दारावर खूण करायच्या. वस्तीतल्या आमच्या वयाच्या कुणालाही विचारा, या दोघी एकत्रच आठवतात. एकीचा हात हनुवटीखाली आणि दुसरीचा करंगळीवर. सुटका नाही.

निवृत्त झाल्यावर सुमनताईंनी रीतसर अर्ज करून लसीची एक जुनी पेटी भंगारातून मागून आणली. त्या पेटीत आता खडू असतात, जांभळी शाई असते, एक माऊस असतो, कुणी 'चार्जिंग नाही' म्हणू नये म्हणून चार्जरांचा एक गुंता असतो, आणि घाबरणाऱ्यांसाठी राजगिऱ्याच्या वड्या. लॅपटॉपवर बोट फिरवणं त्यांना मान्य नाही. "पाटी पुसल्यासारखं काय करता," म्हणतात आणि माऊस काढून देतात. स्वतः मात्र मशीनला हात लावत नाहीत. ज्याचं त्याने दाबायचं.

दार उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला. "घरात किती?"

"दोन," आमच्या शेजारच्या सोनवणेवहिनी सांगतात. "ह्यांचा लॅपटॉप आणि माझा मोबाइल."

"पाहुणे?"

"नणंद आलीय. पण ती उद्या जाणार, ताई."

"म्हणून तर तिचा आधी आण. गावोगाव घेऊन फिरेल."

"ह्यांचा लॅपटॉप स्लीपवर आहे."

"असू दे. आम्ही झोपलेली पोरं उठवून डोस पाजलेत."

सोनवणेभाऊंच्या ब्राउझरमध्ये इतके टॅब उघडे होते की त्यांची नावं दिसेनात, नुसते फणीच्या दातांसारखे दिसत होते. सुमनताई चष्मा पुसून ते दृश्य बघत राहिल्या. "एवढ्या खिडक्या उघड्या टाकून झोप लागते तुम्हाला?" भाऊ म्हणाले, सगळे लागतात. "बरं. ह्या पहिल्या खिडकीत काय आहे?" भाऊंनी दाबलं. एका फ्रिजची माहिती उघडली. तो फ्रिज त्यांच्या पाठीमागे, स्वयंपाकघरात, केव्हाचा घुरघुरत होता.

समोर बिल्डरने विकायला बांधलेली दुसरी इमारत आहे. तिथे शनिवार पेठेतून राहायला आलेले जोगळेकर नावाचे बँकेतले निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांनी दाराला पाटी लावली: 'विक्रेते, प्रचारक व अपडेटवाले यांनी बेल वाजवून स्वतःचा अपमान करून घेऊ नये.' सुमनताईंनी पाटी पूर्ण वाचली आणि बेल वाजवली.

"वाचता येतं ना आपल्याला?" जोगळेकर म्हणाले.

"येतं. मी अपडेटवाली नाही. नर्स आहे."

"अहो बाई, माझा कॉम्प्युटर गेली कित्येक वर्षं उत्तम चाललाय."

"साहेब, पोरंही उत्तमच चालायची. पाय जाईपर्यंत."

जोगळेकर दारातून बाजूला झाले.

सुमनताई लिफ्टने जात नाहीत. ही इमारत आमच्या वस्तीच्या जागेवरच उभी आहे. वस्ती पाडली, आम्हाला काही काळ संक्रमण शिबिरात ठेवलं, मग उचलून हवेत रचलं, आणि त्याला पुनर्वसन म्हटलं. पण सुमनताईंच्या पायांना ते अजून मान्य नाही. त्या पॅसेजमधून चालताना जुन्या गल्ल्यांतूनच चालतात. दुसरा मजला म्हणजे त्यांच्या लेखी पिंपळाची गल्ली, पाचवा म्हणजे नळकोंडाळं. जिथे वळायचं कारण नाही तिथे त्या थोड्या वळतात, कारण तिथे पूर्वी कुणाचीतरी मोरी होती. दुपारी तुरुंगाच्या भिंतीकडच्या झाडांवरून वारा येतो, जिन्याच्या जाळीतून उन्हाचे चौकोन फरशीवर पडतात, लोहगावच्या बाजूने एखादं विमान इतकं खालून जातं की दारांच्या कड्या वाजतात. अशा वेळी सुमनताईंच्या मागून चाललं की मलाही क्षणभर वाटतं, या बंद दारांच्या आड पत्र्याची घरं आहेत, चुली पेटलेल्या आहेत, आणि आता कुणीतरी ओरडणार, "डोसवाल्या आल्याऽ!"

कुणी ओरडत नाही. दारं आपोआप मिटणारी आहेत, त्यांना तशी स्प्रिंगच लावलेली आहे.

सहाव्या मजल्यावरच्या शेवटच्या दारावर ना बरोबरची खूण असायची, ना फुली. तिथे सुमनताई थांबायच्या, खडू हातात घ्यायच्या आणि परत पेटीत ठेवायच्या. ते हिराताईंचं दार. ते एकदा उघडावं आणि हिराताईंनी आत बस म्हणावं, एवढीच सुमनताईंची इच्छा होती. बाकीचे सगळे मजले त्या एका दारापर्यंत पोचण्यासाठीच चढत असाव्यात, असं मला वाटायचं. का, ते सांगते.

या खुळाची सुरुवात सागरने केली. सागर सातव्या मजल्यावर राहतो, आयटीत आहे. सुमनताईंनी एकदा त्याला विचारलं, की कॉम्प्युटर सारखा 'अपडेट करा, अपडेट करा' म्हणून का कटकट करतो. सागर बिचारा लिफ्टची वाट बघत होता. त्याने सांगितलं, "ताई, ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण इंटरनेट बघतो ते. तो दिवसभर अनोळखी लोकांची पानं आपल्या घरात आणून उघडतो. तो माणसांनीच बनवलाय, त्यात फटी राहतात. त्या शोधत बसलेले लोक असतात. काही जण कंपनीला कळवतात, काही गुपचूप आत शिरतात. कंपनी फट बुजवून नवीन अपडेट पाठवते. पण ते आलं की फट कुठे होती ते सगळ्या जगाला कळतं. चोरालाही कळतं. मग तो कुणाकडे जाणार?"

"ज्यांनी घेतलं नाही त्यांच्याकडे," सुमनताई म्हणाल्या.

"बरोबर."

लिफ्ट आली आणि गेली. सागर तिथेच होता, कारण सुमनताईंनी त्याची बाही धरली होती. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, तो सांगतो, जसं कुणीतरी त्यांना परत कामावर घेतलं होतं.

मी स्वतः या मोहिमेच्या विरोधात होते. माझे बाबा आयुष्यभर पत्रकं लिहीत, छापत आणि वाटत आले. आमच्या घरी पाळण्याखालीसुद्धा गठ्ठे असत; मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'जाहीर निषेध' या शब्दांवर. तेव्हा परदेशातली एक अवाढव्य कंपनी माझ्या मशीनमध्ये तिला वाटेल ते बदलणार, आणि मी निमूटपणे 'ठीक आहे' दाबणार, ही मला गुलामी वाटे. अजूनही पुरती वाटेनाशी झालेली नाही. सुमनताई आल्या तेव्हा मी त्यांना हे सगळं दारातच सुनावलं. त्यांनी पेटी खाली ठेवली.

"तुझ्या बाबांच्या पत्रकात चूक राहिली तर ते काय करायचे गं?"

"शुद्धिपत्रक काढायचे."

"आणि वाटायचे कुणाला?"

"ज्यांना ज्यांना पहिलं दिलं त्यांना."

"घरोघर?"

"घरोघर."

"तुला शुद्धिपत्रक आलंय. घे."

मी घेतलं. "पण ताई, मशीन माझं आणि किल्ली त्यांच्याकडं, हा प्रश्न राहतोच," मी म्हटलं.

"राहू दे की. आधी रीस्टार्ट कर, मग क्रांती कर."

ते रीस्टार्ट होणं म्हणजे सुमनताईंचा खरा मुक्काम. गोल फिरत असतो, पांढरी पट्टी भरत असते, आणि त्या खुर्चीत टेकून बोलत असतात. त्यांचा आवाज तेव्हा हलका होतो, अंगाईसारखा. कुणाचं बाळंतपण रिक्षात झालं, कुणाच्या पोराला गोवर आला तेव्हा सगळी गल्ली कशी जागी राहिली, पावसात पेटी डोक्यावर धरून ओढा कसा ओलांडला. प्रत्येक गोष्टीत हिराताई असायच्या. "हिरा म्हणाली," "हिरानं मग त्याला धरला," "हिराला हसू आवरेना." मशीन सुरू झालं तरी आम्ही गप्प बसायचो. आमच्या घरात एरवी एवढा वेळ कुणी कुणाचं ऐकत नाही.

आता चूक कशी झाली ते.

पोलिओच्या वेळी जशी घोषणा असे, तशी सुमनताईंनी पहिल्या फेरीला एक केली होती: 'अपडेट म्हटलं, की हो म्हणायचं!' सोपी, सुटसुटीत, म्हाताऱ्यांच्या लक्षात राहणारी. त्यांनी ती दारोदार घोटून घेतली. पोरं ती लिफ्टमध्ये ओरडायची. हिराताईंनी ती सर्वांत मनापासून घेतली, कारण त्या सुमनताईंच्या जोडीदारीण. सुमन पाजणार आणि हिरा शाई लावणार, यात कधी प्रश्न विचारायचा नसतो.

एका दुपारी हिराताई नातवासाठी टोपरं विणायचा नमुना शोधत होत्या. एक पान उघडलं आणि त्यावर मोठ्ठी चौकट आली: तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, लगेच अपडेट करा. ती चौकट खोटी होती. ब्राउझरची नव्हे, त्या पानावर चोरांनी लावलेली. हिराताईंनी आनंदाने हो म्हटलं. वर पुढचं जे जे विचारलं त्यालाही हो म्हटलं. आणि लगेच सुमनताईंना फोन केला, "सुमन, आज मी तुझ्याशिवाय केलं! एकटीनं!" सुमनताई म्हणाल्या, "शाब्बास, हिरे." ही शाब्बासकी त्यांना अजून झोपू देत नाही.

दोनच दिवसांनी हिराताईंच्या नावाने सगळ्या ओळखीच्यांना निरोप गेले. मोठ्या अडचणीत आहे, पैसे पाठवा, कुणाला सांगू नका. आणि लोकांनी पाठवले. कुणी फोन करून विचारलंसुद्धा नाही, कारण नाव हिराताईंचं होतं. या बाईने उभ्या आयुष्यात कुणाकडे वाटीभर साखर मागितलेली नव्हती. ती मागतेय म्हणजे तसंच काही असणार, असं म्हणून लोकांनी पाठवले.

मला आजही संताप येतो. ज्यांनी हे केलं ते कुठल्यातरी शहरात गारेगार खोलीत बसले असतील. आणि इथे एक म्हातारी मजल्यामजल्यावर जाऊन, दाराबाहेर उभी राहून सांगत होती, "मी मागितले नव्हते. माझ्या नावानं दुसऱ्यानं भीक मागितली." लोक म्हणाले, "अहो हिराताई, असू द्या." पण ज्या बाईला कधी कुणी 'असू द्या' म्हटलेलं नाही, तिला तो शब्द किती लागतो ते म्हणणाऱ्यांना कळत नाही. त्या रविवारी विहारात वंदनेला हिराताई सगळ्यांत मागे बसल्या. उठताना सुमनताई त्यांच्याकडे गेल्या. हिराताई एवढंच म्हणाल्या, "तू म्हणालीस हो म्हण. मी म्हणाले." आणि पायऱ्या उतरल्या. त्यानंतर त्या विहारात आल्या नाहीत, आणि त्यांच्या घरात सुमनताईंना जागा उरली नाही.

मग सुमनताईंनी दुसरी फेरी काढली. बादलीत फडकं बुडवून आधी साऱ्या इमारतीतल्या बरोबरच्या खुणा पुसल्या. आम्ही दारादारात उभं राहून बघत होतो. पुसून झाल्यावर पहिल्या मजल्यापासून परत सुरुवात. या खेपेला बेल वाजवली की आधी एक वाक्य, सरळ उभं राहून: "पहिल्या फेरीत मी तुम्हाला चुकीचं शिकवलं."

मी पत्रकांच्या घरात वाढले. सभा पाहिल्या, मोर्चे पाहिले, पुढाऱ्यांना तीन-तीन भूमिका बदलताना पाहिलं. पण आपण दिलेली घोषणा चुकली हे सांगायला दारोदार फिरणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. लोकांना अवघडल्यासारखं व्हायचं. सोनवणेवहिनी तर म्हणाल्या, "ताई, तुमचं काय चुकलं त्यात?" सुमनताई म्हणाल्या, "लिहून घे म्हटलं तर लिहून घेशील का? मग ऐक. पानावर येऊन जे 'अपडेट करा' म्हणतं, त्याला नाही म्हणायचं. कितीही लाल रंगात ओरडू दे. ते पान बंद करायचं. खरं अपडेट आपण स्वतः आत जाऊन बघायचं. वर कोपऱ्यात तीन टिंबं आहेत, तिथून. बोलावणं आपलं, दार आपलं."

आणि नुसतं सांगून सोडत नव्हत्या. सागरकडून त्यांनी एक खोटी, निरुपद्रवी चौकट बनवून घेतली होती. ती प्रत्येकाला दाखवून 'नाही' म्हणण्याचा सराव करून घ्यायच्या. बायका लाजत नाही म्हणायच्या. सोनवणेभाऊ सवयीने दोनदा हो म्हणाले. जोगळेकर खवळले.

"अहो बाई, नाही म्हणायला मला शिकवता? मी बँकेत काउंटरला होतो!"

त्यांना पहिल्याच झटक्यात खूण मिळाली.

सहाव्या मजल्यावर मात्र गाडी अडायची. हिराताईंची सून मनीषा दार अर्धं उघडायची. "आई झोपल्यात, ताई." आतून रेडिओचा आवाज येत असायचा, बांगड्या वाजत असायच्या. "बरं," सुमनताई म्हणायच्या. झोपेतून उठवून डोस पाजणारी ही बाई तेवढंच म्हणायची आणि जिना उतरायची. जे वाक्य साऱ्या इमारतीला ऐकवलं, ते या दारापुढे त्यांच्या तोंडातून निघतच नसे. मी एकदा विचारलं, चिठ्ठी का नाही लिहीत? त्या म्हणाल्या, "चिठ्ठी लिहून कुणी डोस पाजतं का?"

गेल्या महिन्यात मी मनीषाकडे एक पुस्तक परत द्यायला सहाव्या मजल्यावर गेले होते. पॅसेजमध्ये सुमनताई उभ्या होत्या, पेटी खांद्याला, बेल न वाजवता. मला बघून चालायला लागल्यासारखं त्यांनी केलं. मी बेल वाजवली. पावलं वाजली. दार उघडलं ते हिराताईंनी.

त्या खूप वाळल्या होत्या. हातात लोकर होती. त्यांनी माझ्याकडून पुस्तक घेतलं, मला बाजूला केलं, आणि माझ्या मागे बघून म्हणाल्या, "साऱ्या बिल्डिंगला सांगत फिरलीस. मजल्यामजल्यावर ऐकू येतं मला. माझ्या दाराशी आलीस की मुकी होतेस?"

सुमनताईंनी पेटीचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं, आताही ते वाक्य निघणार नाही.

"मी तुला चुकीचं शिकवलं, हिरे," त्या म्हणाल्या. "आणि वर शाब्बास म्हणाले."

विमान गेलं, कड्या वाजल्या. मग हिराताई म्हणाल्या, "ते मशीन लई दिवस तसंच पडलंय. जुनंच झालं असेल. आलीयस तर बघून जा."

आम्ही आत गेलो. खिडकीपाशी टेबलावर कॉम्प्युटर होता, त्याच्यावर विणलेला रुमाल. मनीषा स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती. हिराताई समोर बसल्या, त्यांनी रुमाल काढला, माऊस धरला. सुमनताई त्यांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि काही सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात हिराताईंनी स्वतःच वर कोपऱ्यातली तीन टिंबं दाबली, यादीतून खाली गेल्या, जिथे ब्राउझरची आवृत्ती दिसते ते पान उघडलं. न अडखळता. हे सगळं दुसऱ्या फेरीतलं होतं. दाराच्या आतून ऐकून शिकलेलं.

गोल फिरला, थांबला, आणि पडद्यावर ओळ आली: ब्राउझर अद्ययावत आहे.

मशीन जुनं नव्हतं. कदाचित त्याच सकाळी अपडेट केलेलं असावं. मी मनीषाकडे पाहिलं. ती पदराच्या टोकाशी चाळा करत खाली बघत होती. ती ओळ मला दारापासून वाचता येत होती, तेव्हा सुमनताईंना नक्कीच येत होती. चष्मा त्यांनी नाकावर वर सरकवलेला होता.

"किती वेळ लागेल?" हिराताईंनी विचारलं. मान वळवली नाही.

सुमनताई पडद्याकडे बघत होत्या. "लागेल जरा," त्या म्हणाल्या.

"मग उभी काय राहिलीस?"

मनीषाने खुर्ची आणून ठेवली आणि चहाला गेली. सुमनताईंनी पेटी खांद्यावरून उतरवून जमिनीवर ठेवली. मी चपला घातल्या, पण दारातच रेंगाळले. दोघी शेजारी शेजारी पडद्यासमोर बसल्या होत्या, आणि पडद्यावर करण्यासारखं काहीच नव्हतं. लोकरीचा गुंडा हिराताईंच्या मांडीवरून घरंगळला, तो सुमनताईंनी उचलून आपल्या मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने पडदा आपोआप काळा झाला. खिडकीतलं ऊन आणि दोन पांढरी डोकी त्यात दिसू लागली. माऊसला कुणीच हात लावला नाही.